दिवसाला पाच रुपये

सुलक्षणाताईंना या कर्जातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ.

तामसखेड्याच्या नगराध्यक्षपदाची खुर्ची, डिसेंबरातल्या निवडणुकीत दुसऱ्यांदा. नव्या टाकीच्या पायथ्याशी काळ्या दगडात कोरलेलं नाव, नवरा आणि आडनाव धरून पाऊण फूट लांब. आणि सासूबाईंची बोलती बंद. ही तिसरी बाब रुपयांत मांडता येत नाही; पण सुंदरबाईंना सकाळी रिकाम्या हंड्यांशी बोलताना ज्याने ऐकलं असेल, तो सांगेल की पहिल्या दोन विकून तिसरी घ्यावी.

खर्चाच्या बाजूला शून्य. कर्ज नगरपरिषदेच्या नावावर, फेड दोन वर्षांनी सुरू होणार, आणि दोन वर्षांनी खुर्चीत कोण असेल ते कोणी पाहिलंय? ताई असल्या तर गावात पाणी आलेलं असेल आणि लोक हसत भरतील. नसल्या, तर विरोधातला बन्सीलाल भरेल. दोन्हीकडून फायदाच.

तामसखेडे हे शिंदखेड्याहून पाऊण तासावरचं गाव. कागदावर शहर, पण एसटीचा कंडक्टर अजून ‘चला, खेडंवाले उतरा’ म्हणतो. मधून बुराई नदी जाते, म्हणजे नदीचं पात्र जातं; पाणी दोन महिने, बाकी दहा महिने तिथे क्रिकेट. अलीकडे बाजारपेठ, कचेरी आणि पाटील गल्ली. पलीकडे पुरा : शिंपी, गादीवाले, सायकल दुरुस्तीवाले, हमाल, एकूण नऊशे घरं. अलीकडे नळाला पाणी यायचं नवव्या दिवशी. पलीकडे अकराव्या, आणि धार करंगळीएवढी.

तापीवरून पाइपलाइन आणायची योजना चोवीस कोटींची होती. नव्वद टक्के राज्य सरकार देणार, दहा टक्के गावाने घालायचे, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख. तिजोरीत होते एकतीस लाख, त्यातले अठरा रस्त्यावरच्या दिव्यांच्या थकलेल्या बिलाने आधीच धरून ठेवलेले.

गावाने आजवर कर्ज काढलेलं नव्हतं. मागचे नगराध्यक्ष याचं श्रेय आपल्या काटकसरीला देत. खरं कारण असं, की कोणी देतच नव्हतं. २०२३च्या फेब्रुवारीत मात्र सगळं जुळून आलं होतं. नव्वद रुपये फुकट मिळत असताना दहा उसने घेणार नाही असा माणूस खानदेशात अजून जन्मायचा आहे. शेजारच्या दोन नगरपरिषदांनी कर्ज काढलं होतं आणि त्यांच्या टाक्या एसटीच्या खिडकीतून दिसत. आणि निवडणूक दहा महिन्यांवर होती. गावाला पाण्याची गरज तीस वर्षांपासूनची; पण गरज आणि निवडणूक एका वर्षात आल्या की तिला निकड म्हणतात.

मुंबईच्या ज्या संस्थेकडे अर्ज केला होता तिचं पत्र आलं. लेखापाल नूर महंमद यांनी ते ताईंच्या टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या परिच्छेदाखाली पेन्सिलीची रेघ ओढली.

“घरपट्टीची वसुली एकतीस मार्चला पंचाहत्तर टक्के असली तर पूर्ण कर्ज, ताई. नसली तर निम्मं.”

“आपली किती आहे?”

“बावन्न.”

“निम्म्यात काय होईल?”

नूर महंमदांनी पेन्सिल खिशात ठेवली. “टाकी होईल. लाइन होईल. नदीच्या या काठापर्यंत.”

नूर महंमद पलीकडचे. एकतीस मेला निवृत्त व्हायचे होते. चौतीस वर्षं त्यांनी गावाचा पैसा मोजला, आणि ही चौतीस वर्षं त्यांची बायको हमीदा अकराव्या दिवशी पहाटे उठून करंगळीएवढ्या धारेखाली एकेक भांडं धरत होती. पाइप नदी ओलांडतो की नाही हे त्यांच्या शेवटच्या मार्चवर ठरणार होतं. पुढच्या लेखापालाला पलीकडच्या करंगळीशी काय देणंघेणं?

ताईंच्या समोर विरोधी गटाचा नेता बन्सीलालही बसला होता. चहा फुकट असला की तो विरोध बाहेर चपलांसोबत ठेवून येई.

“त्यात काय एवढं?” बन्सीलाल म्हणाला. “एकतीस मार्चला ठेकेदाराचा चेक घरपट्टीत जमा दाखवा, पाच एप्रिलला परत करा. टक्का वाढला, काम झालं. नूरभाऊ, तुमच्यासारख्या जुन्या माणसाला मी शिकवायचं का?”

“बन्सीभाऊ, एकतीस मेनंतर मला पेन्शन खायची आहे. तुमचा चेक घशात अडकेल.”

“अहो, तुमच्याच पुऱ्याला पाणी मिळेल!”

“म्हणूनच नको,” नूर महंमद म्हणाले. “खोट्या टक्क्यावर कर्ज मिळालं, तर हप्ता कशातून द्यायचा? हप्ता खराच मागतात ते.”

मग वसुलीची मोहीम निघाली. पथकं फिरली, रिक्षावर भोंगा लागला, डफवाले थकबाकीदारांच्या दारात वाजवून आले. एका दारात आतून चहा आला आणि डफवाले तिथेच अर्धा तास बसले. पंधरा दिवसांत बावन्नचे चोपन्न झाले.

ताईंनी मग मोठं पाऊल उचललं : चौकात, गावातच राहणाऱ्या वीस मोठ्या थकबाकीदारांच्या नावांचा फ्लेक्स. वसुली खिडकीवरचा झुलाल यादी घेऊन आला आणि जागेवरच उभा राहिला.

“ताई, एखादं नाव कमी करायचं का?”

“एकही नाही. कायदा सगळ्यांना सारखा.”

“बरं,” झुलाल म्हणाला. आणि यादी थेट फ्लेक्सवाल्या मोईजकडे गेली. मोईजने ती रंगीत, दहा बाय बारा फुटात छापली. चौकात बांधायला शिडी लावली तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर गावाने वाचलं : श्रीमती सुंदरबाई निंबा पाटील, पाटील गल्ली, रुपये पस्तीस हजार चारशे पंच्याहत्तर.

नगराध्यक्षांच्या सासूबाई. घर त्यांच्याच नावावर होतं, आणि त्याच घरात नगराध्यक्षा राहत होत्या.

फ्लेक्स दहा मिनिटांत उतरला. अठराशे रुपये मोईजच्या उधारीत पडले.

घरी ताईंनी पदर खोचला. “आई, अकरा वर्षं पट्टी नाही भरली? मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?”

सुंदरबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तू इचारं का कधी?”

“मी नगराध्यक्ष आहे! लोक काय म्हणतील?”

“लोके काय म्हनतस ते माले सांगू नको. लोके मनाच हिशेब धरतस.” अहिराणीत ‘मना’ म्हणजे ‘माझा’. सुंदरबाईंनी हात पुसले आणि आतल्या खोलीतून कॅलेंडरांचा एक गठ्ठा आणला. अकरा वर्षांची अकरा, सुतळीने बांधलेली. ज्या ज्या तारखेला नळाला पाणी आलं, त्या तारखेवर निळीचं बोट टेकवलेलं होतं. कपड्यांना घालायची नीळ. “हाई देख. मागला साले एकेचाळीस येळा पानी उनं. पानी येस नववा दिनले आनि पट्टी माले बठ्ठा सालनी? मधला आठ दिननं पानी कोन पिनं मंग?”

“मग एकेचाळीस दिवसांची तरी भरायची!”

“दर साल जास मी पैसा लई सन. तुना झुलाल घेस का? इचार त्याले.”

झुलालला विचारलं. त्याने डोकं खाजवलं. हो, अक्का दर मार्चला येतात. कापडी पिशवीत घरपट्टीचे चौदाशे रुपये वेगळे आणि पाणीपट्टीचे दिवस मोजून पाच रुपयांच्या भावाने वेगळे. वर्षाची पाणीपट्टी अठराशे पंचवीस, तीनशे पासष्टने भागली की दिवसाला पाच. हिशेब चोख. पण देयक एकच असतं, घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून. एक रुपया कमी असला तरी संगणक पावती फाडत नाही. म्हणून तो दर वर्षी अक्कांना पाणी पाजून परत पाठवतो.

“कोणतं पाणी?” ताईंनी विचारलं.

“जारचं,” झुलाल म्हणाला.

हे एकट्या सुंदरबाईंचं असतं तर ताईंनी आपल्या पाकिटातून भरून विषय मिटवला असता. तसं त्या बोलल्याही. सुंदरबाईंनी एवढंच सांगितलं, की मनी पट्टी तू भरी ते मी बन्सीलालच्या प्रचारले जासू. पण खरी गोम पुढे होती. गल्लीतल्या बायकांनी अक्कांचं पाहून कॅलेंडरं धरली, त्यांच्या माहेरच्या-सासरच्या गल्ल्यांनी त्यांचं पाहून. नीळ, कुंकू, खडू, पेन्सिल, ज्याला जे मिळालं ते. झुलालने रजिस्टर चाळून सांगितलं : परत पाठवलेली घरं अकराशे चाळीस. डफ त्यांच्याच दारात वाजत होता, आणि चहाही तिथूनच येत होता.

त्या संध्याकाळी नूर महंमद घरी गेले. हमीदाने ताट वाढलं. ते भिंतीकडे बघत होते. भिंतीवर कॅलेंडर होतं, मशिदीकडून दर वर्षी मिळणारं, आणि त्यावर अकरा-अकरा दिवसांनी पेन्सिलीची बारीक खूण.

“हे काय आहे?”

“पाणी,” हमीदा म्हणाली. “सगळ्याच जणी करतात. सुंदर अक्कांचा हिशेब.”

“आपली पट्टी तर दर वर्षी माझ्या पगारातून पूर्ण जाते.”

“जाते ना! म्हणून तर लिहून ठेवते. अकरा वर्षांत पाणी आलं तीनशे ऐंशी दिवस. एकोणीसशे रुपयांचं. तुम्ही भरले वीस हजार पंच्याहत्तर. म्हणजे अठरा हजार एकशे पंच्याहत्तर जास्तीचे. माझं डोकं तुमच्यासारखं नाही, पण एवढं येतं मला.”

नूर महंमद यांनी मनातल्या मनात बेरीज तपासली. बरोबर होती.

“पण एक सांगा जी,” हमीदा म्हणाली. “पाण्याचं भांडण समजलं. घरपट्टी कशाला घेत नाही तुमचा झुलाल? घरात तर बाया रोजच राहतात. किराणावाला साबण आणि साखर एका पुडीत बांधतो का, की साबण नको तर साखरही नाही? हे कोणा शहाण्याने काढलं?”

नूर महंमद उठले. कॅलेंडर काढून नीट पाहायला म्हणून त्यांनी ते खिळ्यावरून उचललं. खाली त्याच खिळ्याला त्यांचं प्रशस्तिपत्र होतं, काचेच्या फ्रेममध्ये. पंधरा ऑगस्ट २०१२. ‘घरपट्टी व पाणीपट्टी यांचे एकत्रित देयक सुरू करून कागद व छपाईखर्चात वार्षिक चौदा हजार दोनशे रुपयांची बचत केल्याबद्दल श्री. नूर महंमद यांचा गौरव.’

ते बराच वेळ काच पुसत राहिले. हमीदाने वाचलं, आणि तोंडावर पदर धरला. हसू येत होतं की काय, ते पदरालाच माहीत.

“जेवून घ्या,” ती म्हणाली. “शहाण्यालाही भूक लागते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईचं पत्र पुन्हा वाचलं. पेन्सिलीची रेघ त्यांनीच ओढली होती, तरी शब्द आज दिसले : घरपट्टीची वसुली. पाणीपट्टीचा उल्लेखच नव्हता. देयक फोडलं, तर अकराशे चाळीस घरांची घरपट्टी महिन्याभरात येऊ शकत होती. पण ते फोडण्यासाठी लिहून द्यावं लागणार होतं, की अकरा वर्षांपूर्वीची पद्धत चुकीची होती, तिने वर्षाला चौदा हजार वाचवले आणि लाखो रुपये अडवले; आणि ही चूक खाली सही करणाऱ्याची. निवृत्तीला तीन महिने असताना असा कागद फाइलला लागला की ऑडिटवाले तो सोडत नाहीत. फाइल त्यांच्याकडे, आणि नूर महंमदांची ग्रॅच्युइटी फाइलमध्ये.

त्यांनी टिपण लिहिलं. अर्धं पान. सही करून स्वतःच ताईंकडे नेलं.

ताईंनी दोनदा वाचलं. “नूरभाऊ, हे ‘माझ्या चुकीमुळे’ काढून टाकू का? ‘तांत्रिक कारणामुळे’ लिहू.”

“नको, ताई. तांत्रिक कारण कोणाला शोधून सापडत नाही, मग ते झुलालला धरतील.”

मुख्याधिकाऱ्यांनी सही केली. मार्चच्या सात तारखेला खिडकीवर दोन पावती पुस्तकं आली : घरपट्टी वेगळी, पाणीपट्टी वेगळी. ऊन तापू लागलं होतं, म्हणून झुलालने रांगेसाठी सावली केली. मोईजकडून परत आलेला फ्लेक्स होताच. तो उलटा बांधला. उन्हातून नावं आरपार दिसत होती, फक्त उलटी.

पहिल्याच दिवशी सुंदरबाई आल्या. कापडी पिशवीत अकरा वर्षांच्या घरपट्टीचे पंधरा हजार चारशे, वर्षावार गाठी मारून. मागे गल्लीतल्या वीसेक बाया. झुलालने पावती पुस्तक उघडलं, पेन धरलं. सुंदरबाईंनी पिशवीवर हात ठेवला.

“थांब. नूरभाऊले बलाव.”

नूर महंमद बाहेर आले. “या अक्का. पाणी घेता?”

“जारनं नको. एक सांग. मी हाई घरपट्टी भरी, तुमना टक्का वाढना, म्हंजे कर्ज भेटी?”

“मिळेल. पूर्ण मिळेल. लाइन पलीकडे जाईल.”

“आनि ते कर्ज फेडी कोन?”

रांगेतल्या बाया पुढे सरकल्या. बाजूला उभा असलेला बन्सीलालही कान देऊन. ताई खिडकीच्या आत होत्या. त्यांनी नूर महंमदांकडे पाहिलं. या प्रश्नाला गावात बांधलेली तीन उत्तरं होती : सरकार फेडेल, माफ होईल, आणि बघू पुढे.

“तुम्ही,” नूर महंमद म्हणाले. “तुम्ही आणि या सगळ्या. दर सहा महिन्यांनी तेरा लाख, पंधरा वर्षं. पाणीपट्टीतून.”

सुंदरबाईंनी रुपये मोजताना करतात तशी मान हलवली. “बठ्ठा गावमा तू एकलाच खरं बोलना. आते मनं आयक. मी फेडसू. पन मना हिशेबतून. जो दिन पानी उनं, त्या दिनना पाच रुपया. नई उनं, नई भेटावत. हाई लिखी दे, मंग पिशवी सोडस.”

“ते मी लिहून देऊ शकत नाही, अक्का. सभेने ठराव करावा लागेल.”

“मंग सभा कर,” सुंदरबाई म्हणाल्या, आणि सावलीत बसल्या. मागच्या वीसही बसल्या. ताईंनी सासूकडे पाहिलं. सासूने पिशवी मांडीवर घेतली आणि सुनेला विचारलं, “घरमा भाजी काय करी आज?”

तीन दिवसांनी विशेष सभा झाली. एवढा गोंधळ त्या सभागृहाने पाहिला नव्हता.

“पाणीपट्टी दिवसावर?” बन्सीलाल ओरडला. “दोन वर्षं लाइन होईपर्यंत नगरपरिषदेने काय खायचं? अकरा वर्षांत पाणीपट्टी रुपयानेही वाढवली नाही, मधे दोन निवडणुका होत्या म्हणून, हे मी समजू शकतो. पण कमी? आणि निळीची बोटं कोण तपासणार?”

“पाणी सोडणाऱ्याची वही आहे,” नूर महंमद म्हणाले. “ती आणि अक्कांची कॅलेंडरं मी जुळवून पाहिली. अकरा वर्षांत एका दिवसाचा फरक आहे.”

“बघा! कोणी खाल्ला तो दिवस?”

“वहीत एक दिवस जास्त आहे. त्या दिवशी अक्का बोदवडला भाचीच्या लग्नात होत्या. त्यांनी मान्य केलं. त्या दिवसाचे पाच रुपये धरून चारशे चौसष्ट दिवसांचे दोन हजार तीनशे वीस त्या देतात.”

सभागृहात कोणीतरी हसलं.

“आणि ज्यांनी इतकी वर्षं पूर्ण पट्टी भरली, ते मूर्ख ठरले?” बन्सीलाल थांबेना.

“ठरले,” नूर महंमद म्हणाले. “त्यातला पहिला मी. माझ्या घरी आकडा काढून ठेवलाय.”

मग ताई उठल्या. हिशेबाने पाहिलं तर त्यांनी हा ठराव पाडायला हवा होता. दोन वर्षं नगरपरिषदेची पाणीपट्टी आटणार, म्हणजे निवडणुकीच्या वर्षात ना गटारी ना पेव्हर ब्लॉक. पण त्यांनी सासूच्या अकरा कॅलेंडरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला होता, आणि बोलताना त्यांचं बोट सुतळीत अडकलेलं होतं.

“आतापर्यंत पाणी न देताही पैसे मागता येत होते, म्हणून आपण पाणी दिलं नाही,” त्या म्हणाल्या. “आता पैसे हवे असले तर पाणी द्यावं लागेल. कर्ज काढणाऱ्याला याहून चांगलं कुलूप नाही. मी असेन किंवा बन्सीभाऊ असतील, दोघांनाही लागू.”

ठराव नऊ विरुद्ध सात मतांनी मंजूर झाला.

सुंदरबाईंनी पिशवी सोडली. मग रांग जी लागली ती चौकापर्यंत. अलीकडच्या बाया निळीची कॅलेंडरं घेऊन, पलीकडच्या पेन्सिलीची. हमीदा रोज दुपारी पुऱ्यातल्या आठ-दहा जणींना घेऊन पात्र ओलांडून यायची. क्रिकेटवाली पोरं चेंडू थांबवून वाट द्यायची. झुलालच्या बोटांना शाईचे डाग पडले. अठ्ठावन्न टक्के, त्रेसष्ट, एकोणसत्तर.

एकतीस मार्चला दुपारी तीन वाजता नूर महंमद यांनी बेरीज मारली. मागणी एक कोटी साठ लाख. हवे होते एक कोटी वीस लाख. आले होते एक कोटी एकोणीस लाख बासष्ट हजार. अडतीस हजार कमी. रांगेत कोणी उरलं नव्हतं. ज्यांची कॅलेंडरं होती त्यांनी सगळ्यांनी भरलं होतं. उरलेले थकबाकीदार म्हणजे बंद पडलेली जिनिंग मिल, कोर्टात असलेलं गोदाम, आणि मुंबईला गेलेले लोक.

“आणि बन्सीभाऊ,” झुलाल हळूच म्हणाला. “खताच्या दुकानाचे एक्केचाळीस हजार.”

बन्सीलाल समोरच्या टपरीवर बसून हाच आकडा ऐकायची वाट पाहत होता. ताईंचं कर्ज निम्म्यावर आलं, की नदीपलीकडची नऊशे घरं डिसेंबरात त्याची. त्याचाही हिशेब चोख होता.

सुंदरबाई सावलीतून उठल्या आणि टपरीवर गेल्या. “बन्सीभाऊ.”

“बोला अक्का.”

“तुनं नाव फ्लेक्सवर कितवं शे रे? उलटं दिखस, मना चष्मा जुना शे.”

टपरीवरचे लोक वर बघू लागले. उन्हात पहिलंच नाव स्पष्ट होतं, उलटं असलं तरी.

“अक्का, राजकारणाची गोष्ट वेगळी...”

“व्हय, व्हय. मी काय म्हनस, पाइप नदीपलीकडे गया, ते लोके सांगतीन का सुलक्षणानी नेला. आनि नई गया, ते सांगतीन का बन्सीलालनी अडाया. तुले कोनतं परवडस ते तू देख. मी जास, चहा थंडा व्हई ऱ्हायना.”

बन्सीलाल पाच मिनिटं बसला. व्यापारी माणूस, पाच मिनिटांत त्याने तिसरा मार्ग काढला. पावणेचार वाजता तो खिडकीवर आला आणि चेकबुक उघडणार तोच नूर महंमद म्हणाले, “रोख.”

माणूस पाठवून त्याने दुकानातून रोख आणवली. एक्केचाळीस हजार मोजून दिले आणि म्हणाला, “पावतीवर वेळ टाक, झुलाल. चार वाजून दहा मिनिटं. आणि लिही, की यानंतर पंचाहत्तर टक्के झाले.”

“पावतीवर तसा रकाना नाही, भाऊ.”

“मागच्या बाजूला लिही.”

झुलालने मागच्या बाजूला लिहिलं. बन्सीलालने तिचा तिथेच फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो पुऱ्यातल्या प्रत्येक फोनवर होता : पाइप कोणी ओलांडून दिला, ओळखा.

नूर महंमद यांनी रजिस्टरमध्ये आकडा लिहिला, पंचाहत्तर पूर्णांक शून्य दोन, आणि पेनला टोपण लावलं. हमीदा खिडकीबाहेर उभी होती. तिने आकडा विचारला नाही. टोपण लागलेलं पाहिलं आणि निघाली.

आता शेवटचा हिशेब.

कर्ज पूर्ण मिळालं. डिसेंबरात निवडणूक आली नाही. कुठेच आली नाही. मुदत संपली आणि नगरपरिषदेवर प्रशासक बसले, दोन वर्षं. २०२५च्या उन्हाळ्यात टाकी झाली, तेव्हा काळ्या दगडावर प्रशासकांचं नाव लागलं, एक फूट. शेवटी निवडणूक आली तेव्हा सोडतीत अध्यक्षपद राखीव निघालं. ताईंना उभंच राहता आलं नाही, आणि बन्सीलाललाही नाही. पावतीचा फोटो त्याच्या फोनमध्ये अजून आहे.

रोज पाणी येणार होतं, ते एक दिवसाआड येतं. दोन्ही काठांवर, सारख्या धारेने. ताईंची तिसरी बाबही जमली नाही : सुंदरबाई आता मधल्या दिवसाबद्दल बोलतात. “रोज दे ना, रोजना पाच रुपया देस मी,” असं त्या नव्या नगराध्यक्षाला रस्त्यात गाठून सांगतात, आणि तो हप्त्याची तारीख आठवून पंपाच्या इंजिनिअरला फोन लावतो. गंमत म्हणजे संध्याकाळी कॅलेंडरवर निळीचं बोट टेकवायला आता सून बसते. सासू तारीख सांगते.

नूर महंमदांच्या टिपणावर ऑडिटचा आक्षेप निघालाच. ग्रॅच्युइटी चौदा महिने अडकली. आली तेव्हा हमीदाने त्यातून आधी अठरा हजार एकशे पंच्याहत्तर वेगळे काढले, आपले म्हणून, आणि त्याचं वॉशिंग मशीन घेतलं. प्रशस्तिपत्र त्याच खिळ्यावर आहे. कॅलेंडर त्याच्यावर.

तेव्हा भरलं ते असं. सुलक्षणाताईंनी एक खुर्ची. नूर महंमदांनी चौदा महिने. बन्सीलालने एक्केचाळीस हजार, रोख. नगरपरिषदेने एकाऐवजी दोन पुस्तकांचे वर्षाला चौदा हजार दोनशे. मोईजच्या फ्लेक्सचे अठराशे अजून कोणीच नाही. कर्जाचा हप्ता भरतात दोन्ही काठांवरची चार हजार दोनशे घरं, दिवसाला पाच, वर्षाला एकशे त्र्याऐंशी दिवसांचे नऊशे पंधरा. यंदा पहिली पावती सुंदरबाईंची, दुसरी हमीदाची. राहिले सरकारने दिलेले एकवीस कोटी साठ लाख. ते कोणी भरले, हे सुंदरबाईंनी अजून विचारलेलं नाही.